विश्लेषण : चारचौघांत बोलण्याची भीती मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसते का?

दहावीची तोंडी परीक्षा, कॉलेजमधलं प्रेझेंटेशन, बँकेच्या खिडकीवर विचारायचा साधा प्रश्न, बघण्याच्या कार्यक्रमाला आलेली मंडळी. अशा वेळी थोडं दडपण सगळ्यांनाच येतं. काहींना मात्र ते इतकं येतं की ते परीक्षेला, मुलाखतीला, समारंभाला जातच नाहीत. घरचे म्हणतात, ‘बुजरा आहे, मोठा झाला की सुधारेल.’ इन्स्टाग्रामवरची रील सांगते, ‘तुमच्या मेंदूतला अमिग्डला बिघडलाय.’ या दोन्हींत तथ्य किती? सोशल अँग्झायटी डिसॉर्डर, म्हणजे सामाजिक भीतीचा आजार असलेल्यांच्या मेंदूबद्दल आजवर नेमकं काय हाती लागलं आहे? आणि परभणीसारख्या जिल्ह्यातल्या मुलामुलींना त्याचा काय उपयोग?

लाजाळूपणा आणि आजार यात फरक काय?

लाजाळू माणूस नव्या ठिकाणी आधी गप्प असतो, ओळख झाली की मोकळा होतो. आजारात तसं होत नाही. ‘लोक माझ्याकडे बघतायत, माझी चूक पकडतील, हसतील’ ही भीती प्रसंगाच्या कितीतरी दिवस आधी सुरू होते. प्रसंगात हात थरथरतात, घाम येतो, आवाज अडकतो, चेहरा लाल होतो. प्रसंग संपल्यावरही ‘मी असं का बोललो’ याची उजळणी डोक्यात चालूच राहते.

डॉक्टर निदान करताना प्रामुख्याने तीन गोष्टी बघतात. भीती प्रसंगाच्या मानाने खूप जास्त आहे का? ती साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली आहे का? आणि तिच्यामुळे शिक्षण, नोकरी, नाती यांचं खरंच नुकसान होतंय का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. स्वभाव शांत असणं हा आजार नाही. भीतीमुळे हातची संधी सुटत असेल, तर मात्र तो निव्वळ स्वभाव राहत नाही.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेत हा आजार १९८० साली ‘सोशल फोबिया’ या नावाने आला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचं मुख्य नाव ‘सोशल अँग्झायटी डिसॉर्डर’ झालं. म्हणजे वैद्यकशास्त्रानेही त्याला वेगळा आजार म्हणून ओळखलं, त्याला अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत.

किती जणांना होतो आणि कधी सुरू होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २८ देशांत झालेल्या सर्वेक्षणांचा एकत्र आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्के आहे. एकट्या अमेरिकेत ते १२ टक्क्यांच्या आसपास भरलं. देशादेशांत इतका फरक पडतो, कारण लोक भीती कशाला म्हणतात आणि परक्या माणसाला ती सांगतात का, हे सगळीकडे सारखं नसतं.

वयाबद्दल मात्र चित्र बरंच स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार निम्म्या रुग्णांत आजाराची सुरुवात साधारण १३ व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे सातवी-आठवीचं वय. याच वयात मुलं वर्गात हात वर करणं बंद करतात आणि घरी-शाळेत त्याकडे ‘वयात येतोय’ म्हणून बघितलं जातं.

अशा प्रसंगात मेंदूत काय घडतं?

मेंदूच्या आत, कानांच्या पातळीवर दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोका आहे का, हे झटकन हेरणं हे त्याचं एक महत्त्वाचं काम. शेतात पायाशी दोरी दिसली आणि साप समजून तुम्ही दचकून मागे सरलात, तर ते काम अमिग्डलाच्या जाळ्याने केलेलं असतं. ‘अरे, ही तर दोरी’ हे नंतर लक्षात येतं. त्यात कपाळामागच्या भागाचा, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो.

सामाजिक भीतीच्या आजारात साप नसतो, चेहरे असतात. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांना स्कॅनरमध्ये झोपवून रागीट आणि तुच्छतेने बघणाऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. आजार नसलेल्यांच्या तुलनेत रुग्णांचा अमिग्डला जास्त सक्रिय झाला. नंतर अनेक अभ्यासांत असंच दिसलं. धोक्याची घंटा वाजवणारा भाग माणसांच्या नजरेलाही धोका समजतो, असा त्याचा ढोबळ अर्थ.

इथवर रील बरोबर आहे. पुढे ती घसरते. कारण ‘एखादा भाग जास्त सक्रिय होतो’ आणि ‘तो भाग बिघडला आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. धावताना हृदय जोरात धडधडतं, म्हणून ते बिघडलेलं नसतं.

मेंदूच्या रचनेत फरक आढळतो का?

या प्रश्नावर बरीच वर्षं गोंधळ होता. एका अभ्यासात अमिग्डला लहान दिसायचा, दुसऱ्यात मोठा, तिसऱ्यात काहीच फरक नसायचा. याचं एक मोठं कारण म्हणजे अभ्यास छोटे होते, अनेकदा वीस-तीस रुग्णांचे. इतक्या कमी माणसांत योगायोगानेही फरक दिसू शकतो.

म्हणून ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने वेगवेगळ्या ठिकाणचे ३७ नमुने एकत्र केले. १,११५ रुग्ण आणि आजार नसलेले २,७७५ लोक यांचे एमआरआय एकाच पद्धतीने मोजले. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले.

प्रौढ रुग्णांत मेंदूच्या खोल भागातला ‘पुटामेन’ हा भाग दोन्ही बाजूंना किंचित लहान आणि त्याच्या शेजारचा ‘पॅलिडम’ किंचित मोठा आढळला. हे भाग हालचाली, सवयी आणि बक्षिसाची अपेक्षा यांच्याशी जोडलेले आहेत. रील ज्याचं नाव घेते, त्या अमिग्डलाच्या आकारात मात्र या एकत्रित तुलनेत ठोस फरक निघाला नाही.

आता ‘किंचित’ म्हणजे किती? आढळलेल्यांपैकी सगळ्यात मोठा फरक प्रौढांच्या उजव्या पुटामेनमध्ये होता. त्या आकड्याचा साध्या भाषेत अर्थ असा. एक रुग्ण आणि आजार नसलेली एक व्यक्ती अशा १०० जोड्या काढल्या, तर सुमारे ५४ जोड्यांत रुग्णाचा पुटामेन लहान निघेल आणि ४६ जोड्यांत उलटं असेल. नाणं उडवलं तर ५०-५० येतं. म्हणजे फरक नाणेफेकीपेक्षा जेमतेम जास्त. हजारो माणसांच्या सरासरीत तो दिसतो, एका माणसाच्या स्कॅनवरून काहीच सांगता येत नाही.

दुसरा निष्कर्ष याहून महत्त्वाचा आहे. किशोरवयीन रुग्णांत या भागांच्या आकारात कोणताही फरक आढळला नाही. आजार सुरू होतो किशोरवयात, आणि आकारातला फरक दिसतो प्रौढांत. मग हा फरक आजाराचं कारण नसून, वर्षानुवर्षं भीतीत जगण्याचा परिणाम असू शकतो का? ही शक्यता आहे. पण ती सिद्ध झालेली नाही. त्यासाठी त्याच मुलांचे मेंदू अनेक वर्षं पुन्हा पुन्हा मोजावे लागतील.

आणि मेंदूतल्या ‘जोडण्या’?

मेंदूचा कोणताही भाग एकटा काम करत नाही. अमिग्डलाच्या परिसरातून कपाळामागच्या भागाकडे जाणारा तंतूंचा एक जुडगा आहे, आकड्यासारखा वळलेला. त्याला अन्सिनेट फॅसिक्युलस म्हणतात. घंटा वाजवणारा आणि ‘थांब, ही दोरी आहे’ म्हणणारा यांच्यातली ही एक मोठी वाट. २००९ साली अमेरिकन संशोधकांना रुग्णांत उजव्या बाजूच्या या वाटेची बांधणी काहीशी विस्कळीत असल्याचे संकेत मिळाले. त्यांनी स्वतःच या पुराव्याला ‘प्राथमिक’ म्हटलं होतं.

माणूस स्कॅनरमध्ये नुसता पडून असताना कोणते भाग एकत्र चालू-बंद होतात, हेही तपासलं जातं. इथे निकाल अजून एकमेकांशी जुळत नाहीत. काही अभ्यासांत अमिग्डला आणि कपाळामागच्या भागातला ताळमेळ कमी दिसतो, काहींत जास्त. म्हणून ‘सोशल अँग्झायटीत मेंदूचं वायरिंग तुटलेलं असतं’ असं ठामपणे सांगणारी पोस्ट दिसली, तर ती विज्ञानाच्या चार पावलं पुढे गेली आहे असं समजा.

मग एमआरआय काढावा का?

या आजाराच्या निदानासाठी नाही. तशी कोणतीही मान्य चाचणी आज उपलब्ध नाही. निदान होतं ते बोलण्यातून. भीती कधीपासून आहे, कुठे वाटते, तिच्यामुळे काय सुटलं, हे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ विचारतात. डोक्याला मार, फिट, अचानक बदललेलं वागणं अशी दुसरी कारणं असतील तर डॉक्टर स्कॅन सांगू शकतात. पण ‘भीती मेंदूत कुठे आहे ते बघू’ म्हणून हजारो रुपये घालवण्यात अर्थ नाही. रिपोर्ट बहुधा नॉर्मल येईल आणि घरचे म्हणतील, ‘बघ, तुला काहीच झालेलं नाही.’ तो गैरसमज जास्त महागात पडतो.

उपचारांनी मेंदू बदलतो का?

इथे संशोधन दिलासा देतं. २००२ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी १८ रुग्णांना लोकांसमोर भाषण करायला लावून त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. काहींना नऊ आठवडे औषध दिलं, काहींना गटात बोधात्मक वर्तनोपचार म्हणजे सीबीटी, आणि काहींना नुसतं थांबायला सांगितलं. औषध आणि सीबीटी या दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि भाषणाच्या वेळची अमिग्डलाच्या परिसरातली उसळी कमी झाली. थांबलेल्या गटात तसं झालं नाही.

२०१६ साली स्वीडनमधूनच आणखी एक अभ्यास आला. २६ रुग्णांपैकी ज्यांना नऊ आठवडे इंटरनेटवरून सीबीटी दिली गेली, त्यांच्यात अमिग्डलाची प्रतिक्रिया कमी झाली आणि त्याचा आकारही किंचित घटला. हे अभ्यास छोटे आहेत, त्यामुळे आकाराच्या दाव्याकडे जपूनच बघायला हवं. पण उपचारांचा फायदा छोट्या अभ्यासांवर अवलंबून नाही. २०१४ साली १०१ चाचण्या आणि १३ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात एकेकट्या रुग्णाला दिलेल्या सीबीटीचा परिणाम सगळ्यात ठळक निघाला. नैराश्य आणि चिंतेवर वापरली जाणारी काही औषधंही उपयोगी ठरली. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची आणि मनाने बंद करायची नाहीत.

सीबीटीत करतात काय?

भीतीचं इंधन आहे टाळाटाळ. कार्यक्रमाला गेलो नाही की लगेच हायसं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो, ‘न गेल्यामुळे वाचलो.’ पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते. सीबीटीत ही साखळी उलट दिशेने फिरवतात. भीतीदायक प्रसंगांची सोप्यापासून अवघडापर्यंत शिडी करायची आणि एकेक पायरी चढायची. परभणीच्या एखाद्या मुलासाठी ती अशी असू शकेल : दुकानात मोठ्याने भाव विचारणं, एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीवर गंगाखेडच्या गाडीची वेळ विचारणं, वर्गात एकदा हात वर करणं, चार मित्रांसमोर दोन मिनिटं वाचून दाखवणं, आणि शेवटी ग्रामसभेत एक प्रश्न विचारणं. प्रत्येक पायरीवर आधी ‘काय होईल’ हे लिहायचं आणि नंतर ‘खरंच काय झालं’ ते ताडून बघायचं.

या कल्पनेची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरायचे. १९ व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर बसलेल्या शंभरएक अनोळखी स्त्रियांशी ठरवून गप्पा मारल्या. जमलं काहीच नाही, पण आभाळही कोसळलं नाही. भीती मात्र ओसरली. पुढे त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत उभी केली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. म्हणजे या उपचारामागचा विचार मराठीत नवा नाही. तो जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही, ही अडचण आहे.

परभणीत हा प्रश्न का महत्त्वाचा?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं ऐटीत सांगणारा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १८ लाखांहून अधिक, तालुके नऊ. शेतीबाहेर पडण्याचा इथल्या मुलांचा मोठा मार्ग म्हणजे शिक्षण आणि स्पर्धा परीक्षा. त्या मार्गावर ठिकठिकाणी बोलावं लागतं. दहावीच्या भाषा विषयांत तोंडी परीक्षेचे गुण असतात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर सेमिनार द्यावा लागतो. एमपीएससी राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत एकूण २,०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत. अभ्यासात हुशार असलेला मुलगा इथे गळतो आणि ‘नशीब नव्हतं’ म्हणून विषय संपतो.

त्यात भाषेची भर पडते. सेलू-जिंतूरचा मुलगा पुण्यात क्लासला जातो, तिथे त्याच्या बोलीवर कुणी हसलं की तो तोंड उघडणंच बंद करतो. मुलींच्या बाबतीत तर हा आजार दिसतच नाही. गप्प, खाली मान घालून बसणारी मुलगी ‘गुणी’ ठरते. तिच्या भीतीचं कौतुक होतं, मग तक्रार कोण करणार?

मराठवाड्यात मानसिक आरोग्याची चर्चा प्रामुख्याने शेतकरी आत्महत्यांच्या निमित्ताने झाली. २०१५ साली राज्य सरकारने परभणीसह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तो याच कारणाने. ते गरजेचंच होतं. पण सामाजिक भीती आवाज करत नाही, त्यामुळे ती यादीत खाली राहते. उपचार न झाल्यास पुढे नैराश्य आणि दारूचा आधार घेण्याचा धोका वाढतो, हे लक्षात घेतलं तर तिला खाली ठेवणं परवडणारं नाही.

मनुष्यबळाचं गणितही बघा. भारतात एक लाख लोकांमागे सरासरी ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, असायला हवेत किमान तीन. परभणीच्या लोकसंख्येला तीनचं माप लावलं तर ५५ तज्ज्ञ लागतील. देशाची आजची सरासरी लावली, तरी १३-१४ होतात. आणि तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असल्याने जिल्ह्यांना सरासरीइतकेही मिळणं कठीण असतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळलं होतं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता.

मदत कुठे मिळेल?

पहिली जागा म्हणजे जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे सल्ला आणि औषधं मिळणं अपेक्षित आहे. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि वैद्यकीय महाविद्यालयाला मानसोपचार विभाग असावाच लागतो. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ची योजना आहे.

फोनवरून मदत हवी असेल तर केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. अडचण एवढीच की अनोळखी माणसाला फोन करणं हीच या आजारातली एक मोठी भीती आहे. अशा वेळी आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मित्राने आधी फोन लावून विचारावं. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं तरी निम्मं ओझं उतरतं. जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर मात्र थांबू नका. लगेच फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

घरचे आणि शिक्षक काय करू शकतात?

‘तोंड नाही का तुला?’ असं पाहुण्यांसमोर म्हणणं बंद करता येईल. मुलाच्या वतीने दरवेळी आपणच उत्तर देणंही टाळायला हवं, कारण त्यातून टाळाटाळच पक्की होते. एकदम गॅदरिंगच्या स्टेजवर ढकलण्यापेक्षा आधी बाकावरून, मग फळ्याजवळून, मग वर्गासमोर असं पुढे नेता येतं. बोलताना मूल अडखळलं तर वर्गाला हसू न देणं, हे तर शिक्षकाच्या हातातच असतं.

मेंदूच्या संशोधनाचा आजवरचा अर्थ इतका आहे : ही भीती खरी आहे, त्यामुळे ‘नाटक करतोय’ म्हणणारे चुकतात. मेंदूतला फरक अगदी बारीक आहे, त्यामुळे ‘माझा मेंदूच असा’ म्हणून हात टेकणारेही चुकतात. किशोरवयात आकारातला फरक आढळत नाही आणि उपचारांनी मेंदूची प्रतिक्रिया बदलते. म्हणून आठवीतली गप्प झालेली मुलगी बारावी होईपर्यंत, नोकरीला लागेपर्यंत, लग्न होईपर्यंत वाट बघत बसायचं काहीच कारण नाही.